दप्तराची राखण : संगणकीय आज्ञावलींची स्वयंचलित तपासणी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपले गुरुजी गणित शिकवीत. मी जन्मभर मराठी शिकविले. त्यांच्या वर्गात माझी जागा शेवटच्या बाकावर असे आणि तपासून परत आलेल्या वहीत मला माझ्या निळ्या शाईपेक्षा त्यांची लाल शाईच अधिक दिसे. अशा विद्यार्थ्याने त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून संगणकाच्या प्रोग्रामविषयी बोलावे, यातला विनोद मला कळतो. विषय जाहीर झाला तेव्हा इंदुरातल्याच एका जुन्या सहाध्यायाने दूरध्वनी करून विचारले, "अरे, ज्ञानेश्वरीचे पाठभेद सोडून तुला हे काय सुचले?" मी त्याला सांगितले की हा विषय मला सुचलेला नाही, तो माझ्यावर येऊन आदळला आहे, आणि त्याचा हिशेब मी तुम्हा सर्वांचा देणे लागतो.

तो हिशेब आधी मांडतो. 2019 साली शाळेचे जुने वार्षिक अंक, मुलांची हस्तलिखिते आणि माजी विद्यार्थ्यांची सूची संगणकावर आणण्याचे काम हाती घेण्यात आले आणि त्या समितीचे प्रमुखपद मला देण्यात आले. 2020च्या टाळेबंदीत आपल्याच दोन माजी विद्यार्थ्यांनी एक पैसा न घेता त्यासाठी लागणारा प्रोग्राम लिहिला. ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी शाळांनाही तो फुकट वापरता यावा म्हणून त्यांनी तो गिटहबवर, कोणालाही पाहता येईल असा ठेवला. खाते उघडताना ईमेलचा पत्ता माझा दिला गेला, कारण प्रमुख मी होतो.

2022च्या पावसाळ्यात आपल्यापैकी अनेकांना शाळेच्या नावाने एक संदेश आला. इमारतीच्या दुरुस्तीसाठी तातडीची मदत मागणारा. त्यात ज्याचे त्याचे नाव, मॅट्रिकचे वर्ष आणि तुकडी बिनचूक होती. म्हणूनच विश्वास बसला आणि काही वयोवृद्ध मंडळींनी पैसे पाठविले. शाळेने असा संदेश कधीच पाठविला नव्हता. माजी विद्यार्थ्यांची सूची चोरीस गेली होती, आणि ज्या सर्व्हरवर ती ठेवली होती त्याचा पासवर्ड आमच्याच प्रोग्रामच्या एका फाइलीत उघडा लिहिलेला होता.

हे उलगडून दाखविले ते पुण्यात नोकरी करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थिनीने. तिने प्रथम मला माझी ईमेलची पेटी उघडावयास लावली. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "सर, इंग्रजी मेल तुम्ही वाचतच नाही का?" दोन वर्षांत तेथे 63 इशारे येऊन पडले होते. त्यांतला एक तर अगदी स्वच्छ शब्दांत सांगत होता की आपल्या प्रोग्राममध्ये पासवर्ड उघडा दिसतो आहे. ते सारे मी जाहिराती समजून बाजूला सारले होते. यंत्राने आपले काम केले होते. वाचणारा मी होतो. मी वाचले नाही.

तेव्हापासून ही तपासणी कशी चालते, ती कशी बसवावयाची आणि ती कोठे कमी पडते, हे समजून घेण्याचा मी प्रयत्न करीत आहे. जे समजले ते माझ्या भाषेत सांगतो.

प्रथम रिपॉझिटरी म्हणजे काय ते पाहू. मी तिला दप्तर म्हणेन. मुलांच्या पाठीवरचे नव्हे, पेशवे दप्तर म्हणतो त्या अर्थाने. प्रोग्राम म्हणजे संगणकाला क्रमाने दिलेल्या लेखी आज्ञा. त्या हजारो फाइलींत पसरलेल्या असतात आणि अनेक माणसे त्यांत रोज फेरफार करीत असतात. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली याची नोंद ठेवणारी व्यवस्था म्हणजे दप्तर. आज सर्वाधिक वापरली जाणारी अशी व्यवस्था म्हणजे गिट. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली लिनक्सच्या कामासाठी ती तयार केली. गिटहब हे अशी दप्तरे ठेवावयाचे एक मोठे घर. ते 2008 साली उघडले आणि 2018 साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतले.

पाठचिकित्सा करणाऱ्या माणसाला या व्यवस्थेचा हेवा वाटावा असे तिच्यात पुष्कळ आहे. नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. परंतु त्यांच्यापुढे कोणत्या प्रती होत्या, कोणता शब्द त्यांनी ठेवला आणि कोणता गाळला, याची तपशीलवार नोंद आपल्या हाती नाही. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम 1919 साली आरंभिले आणि ते 1966 साली पुरे झाले. एकेका श्लोकाखाली पाठभेदांच्या टीपा लावताना विद्वानांची आयुष्ये खर्ची पडली. गिटमध्ये ही टीप आपोआप पडते. एक स्वल्पविराम बदलला तरी जुना पाठ, नवा पाठ, बदलणाऱ्याचे नाव आणि वेळ ही सारी कायम राहतात.

कायम राहतात, हीच आमची गोची झाली. पासवर्ड चुकून लिहिणाऱ्या मुलाच्या ती चूक तासाभरातच ध्यानात आली होती. त्याने ती ओळ पुसली आणि निश्चिंत झाला. परंतु पुसलेली ओळ दप्तराच्या आजच्या पानावरून गेली, कालच्या पानावर तशीच राहिली. आणि दप्तर सर्वांना खुले असल्याने कालचे पानही कोणालाही उलटता येत होते. अशी दप्तरे सतत चाळत राहणारे प्रोग्राम चोरांपाशीही असतात. यावर उपाय एकच: कुलूप बदलणे. ओळ पुसणे म्हणजे हरवलेल्या किल्लीचे चित्र भिंतीवरून पुसण्यासारखे आहे.

आम्ही भोळी मंडळी म्हणून आमच्याकडूनच असे घडले, असे समजू नये. टोयोटा या मोटार-कंपनीने त्याच वर्षी, म्हणजे 2022च्या ऑक्टोबरात, जाहीर केले की तिच्या एका सेवेच्या प्रोग्रामचा काही भाग कंत्राटदाराने चुकून सर्वांस खुला ठेवला होता आणि त्यात माहितीसाठ्याची किल्ली होती. डिसेंबर 2017 पासून सप्टेंबर 2022 पर्यंत, जवळजवळ पाच वर्षे, ती तेथे होती; 2,96,019 ग्राहकांचे ईमेल-पत्ते उघडे पडले असण्याची शक्यता कंपनीला मान्य करावी लागली.

आता तपासणाऱ्या यंत्राकडे वळू. यंत्र म्हणजे येथे दुसरा एक प्रोग्रामच, जो पहिला प्रोग्राम न चालविता नुसता वाचतो. त्याचा एक पूर्वज अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मला. स्टीफन जॉन्सन यांनी 1978च्या सुमारास सी या भाषेतील प्रोग्राम तपासण्यासाठी एक साधन लिहिले आणि त्याला नाव दिले 'लिंट', म्हणजे कपड्यावर चिकटणारे सुताचे तंतू. व्याकरणदृष्ट्या बरोबर, पण संशयास्पद अशा ओळींवर ते बोट ठेवी. आपल्याकडील छापखान्यातील मुद्रितशोधक नेमके हेच करीत असे. त्याला ग्रंथाचा विषय कळावा लागत नसे. जुळाऱ्याचा हात कोठे घसरतो हे मात्र त्याला पक्के ठाऊक असे.

हात घसरल्याने काय होते, याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण 2014 सालचे आहे. आवडणारे म्हणतो, कारण हस्तलिखिते वाचणाऱ्याला ती चूक अगदी ओळखीची आहे. नकलनवीस एक ओळ उतरवितो, नजर मूळ प्रतीकडे जाते, परत येते आणि तीच ओळ तो पुन्हा लिहितो. ॲपलच्या आयफोन, आयपॅड आणि मॅक संगणकांच्या प्रोग्राममध्ये, सुरक्षित जोडणीची खातरजमा करणाऱ्या भागात, एक ओळ अशी लागोपाठ दोनदा पडली होती. त्या ओळीचा अर्थ: शेवटाकडे जा. पहिल्या वेळी ती एका अटीला बांधलेली होती, की ही परीक्षा फसली तर शेवटाकडे जा. दुसऱ्या वेळी ती अटीबाहेर पडली, म्हणजे काहीही झाले तरी शेवटाकडे जा. परिणाम असा, की त्यापुढे होणारी सहीची खरी पडताळणी कधी झालीच नाही. आणि तोपर्यंत कोणतीही परीक्षा फसलेली नसल्याने निकाल 'सर्व ठीक' असाच लागे. समोरचा सर्व्हर बँकेचा आहे की तोतयाचा, हे त्या यंत्राला कळेना. फेब्रुवारी 2014 मध्ये ॲपलने दुरुस्ती पाठविली.

येथे यंत्राची गरज सहज कळते. ती दुसरी ओळ पडल्यामुळे तिच्या खालच्या काही ओळींपर्यंत पोहोचावयास वाटच उरली नव्हती. अशा अगम्य ओळी हुडकणे हे तपासणी-यंत्राला अगदी सोपे असते. ते काम करणारी सोय त्या काळी उपलब्धही होती, पण ती वेगळी मागावी लागे. माणसाचा डोळा मात्र तेथे फसतो, कारण दुसरी ओळ पहिलीच्याच खाली, तेवढाच समास सोडून, शहाण्यासारखी उभी असते.

आज दप्तरावर जी तपासणी बसवितात तिचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार लपविण्याच्या गोष्टी शोधतो: पासवर्ड, किल्ल्या, परवाने. कित्येक सेवांच्या किल्ल्या ठराविक अक्षरांनी सुरू होतात आणि ठराविक लांबीच्या असतात, तेव्हा त्या ओळखू येतात. इतर ठिकाणी यंत्र अक्षरांची अस्ताव्यस्तता मोजते, कारण माणसाने लिहिलेला शब्द सहसा इतका अस्ताव्यस्त नसतो. गिटलीक्स हे असे एक फुकट मिळणारे साधन आहे. ते दप्तराचे आजचे पानच नव्हे, पहिल्या दिवसापासूनची सारी पाने चाळते.

दुसरा प्रकार उसनवारी तपासतो. आजचा कोणताही प्रोग्राम बव्हंशी दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्ऱ्यांवर उभा असतो, त्या लायब्ऱ्या आणखी दुसऱ्यांवर. आमच्या दोन मुलांनी स्वतः लिहिलेला मजकूर थोडा. उसना त्याच्या कितीतरी पट. अशा लायब्ऱ्यांत सापडलेल्या दोषांना क्रमांक देऊन त्यांची जाहीर यादी ठेवण्याची पद्धत 1999 साली सुरू झाली. तिला सीव्हीई म्हणतात. यंत्र आपल्या प्रोग्रामची उसनवारी त्या यादीशी ताडून पाहते. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे नावाच्या लायब्ररीतला दोष उघड झाला तेव्हा या यादीचे महत्त्व जगाला कळले. प्रोग्राममध्ये घडणाऱ्या गोष्टींची रोजकीर्द लिहिणे एवढेच त्या लायब्ररीचे काम. पण रोजकिर्दीत एक विशिष्ट मजकूर लिहवून घेतला की ती बाहेरून परका प्रोग्राम आणून चालवू लागे. दोषाची तीव्रता दहापैकी दहा ठरली. त्या डिसेंबरात अनेक संस्थांना पहिला प्रश्न पडला तो दुरुस्तीचा नव्हताच. ही लायब्ररी आपल्याकडे आहे का आणि कोठे आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हते. उसनवारीची लेखी यादी ठेवावी असा आग्रह आता सर्वत्र धरला जातो. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनेही 2024च्या ऑक्टोबरात त्याविषयी मार्गदर्शिका काढली.

तिसरा प्रकार आपण स्वतः लिहिलेला प्रोग्राम वाचतो, आणि तो मला सर्वांत रम्य वाटतो. त्याची रीत आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातली आहे. बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट, म्हणजे वापरणाऱ्याने टंकलेले नाव, पाठविलेली फाइल, यंत्र ओवळी धरते. ती ज्या ज्या गोष्टीला शिवेल ती ती ओवळी. मध्ये कोठे तिची नीट तपासणी झाली, तर ती सोवळी. ओवळी गोष्ट तशीच देवघरात, म्हणजे माहितीसाठ्याच्या आज्ञेत, पोहोचली की यंत्र आरडाओरडा करते. आजीचे सोवळे माणसांवर अन्याय करी. या यंत्राचे सोवळे मला पटते. कोडक्यूएल हे या जातीचे एक साधन. ते सेमल नावाच्या कंपनीचे. 2019 साली गिटहबने ती कंपनी घेतली, आणि खुल्या दप्तरांसाठी ते फुकट वापरता येते.

मग एवढे सारे असताना प्रश्न उरतो कोठे? एक तर गणितातच. हेन्री राइस यांनी 1953 साली सिद्ध करून दाखविले की कोणत्याही प्रोग्रामच्या वागणुकीविषयी एखादा अर्थपूर्ण प्रश्न घेतला, तर सर्व प्रोग्रामांसाठी त्याचे अचूक उत्तर देणारा प्रोग्राम लिहिताच येत नाही. गुरुजी आज असते तर हे त्यांनी फळ्यावर मांडले असते. मी निष्कर्षच सांगतो. तपासणी-यंत्र एक तर काही दोष सोडील, किंवा निर्दोषावर बोट ठेवील. बहुतेक यंत्रे दोन्ही करतात.

सोडलेल्या दोषाचे उदाहरण म्हणजे 2014च्या एप्रिलमध्ये उघड झालेला हार्टब्लीड. ओपनएसएसएल या लायब्ररीत तो दोन वर्षे वावरत होता. समोरचा म्हणे, हा पाचशे अक्षरांचा शब्द घे आणि मला परत कर. आणि प्रत्यक्षात देई एकच अक्षर. लायब्ररी शब्दाची लांबी मोजून न पाहता उरलेली चारशे नव्व्याण्णव अक्षरे आपल्याच स्मृतीतून, तेथे जे काही पडले असेल ते, देऊन टाकी. एका खेपेला 64 किलोबाइटपर्यंत. प्रसिद्ध तपासणी-यंत्रांना तो तोपर्यंत दिसला नव्हता. दिसल्यानंतर त्यांना तो शिकविण्यात आला. मुद्रितशोधकाचेही असेच असते: ठाऊक झालेली चूक तो पुन्हा सोडत नाही.

दुसरे उदाहरण मला अधिक अस्वस्थ करते. अमेरिकेतील इक्विफॅक्स ही कंपनी लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवते. मार्च 2017 मध्ये स्ट्रट्स या लायब्ररीतला एक गंभीर दोष आणि त्याची दुरुस्ती, दोन्ही जाहीर झाली. कंपनीत सूचना फिरली, दुरुस्ती करा. काही दिवसांनी यंत्राने तपासणी केली. यंत्र म्हणाले, दोष आढळला नाही. दोष होता, यंत्राने जेथे पाहावयास हवे होते तेथे पाहिले नाही. मे महिन्यात चोर त्याच वाटेने शिरले आणि जुलैअखेरपर्यंत आत होते. सुमारे 14 कोटी 70 लाख माणसांची माहिती गेली. बाहेर जाणाऱ्या मजकुरावर नजर ठेवणारे दुसरे एक साधन होते, पण त्याचे प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वी मुदत संपून पडले होते, त्यामुळे ते आंधळे झाले होते. ते प्रमाणपत्र नवे केले, आणि त्याच दिवशी चोरी दिसली. आमच्या बाबतीत यंत्र ओरडत होते आणि ऐकणारा नव्हता. तेथे ऐकणारे होते आणि यंत्र गप्प होते. त्या शांततेवर विश्वास ठेवणे अधिक महाग पडले.

म्हणून तपासणी बसविणे म्हणजे यंत्र आणणे नव्हे. ते दुपारभराचे काम आहे. खरे काम पुढचे: यंत्र कोठे उभे करावयाचे, कशाला अडवू द्यावयाचे आणि त्याचे म्हणणे कोणी वाचावयाचे. आम्ही काय केले ते सांगतो, त्यात चुकलोही.

2022च्या दिवाळीनंतर त्या विद्यार्थिनीने काम हाती घेतले. तपासणीआधीच तिने सारे पासवर्ड बदलले. आग लागलेल्या घराचा नकाशा काढीत बसावयाचे नसते, असे ती म्हणाली. मग गिटलीक्सने पूर्ण इतिहास चाळला. आम्हाला ठाऊक असलेला पासवर्ड तर सापडलाच, शिवाय आणखी दोन सापडले. त्यानंतर पहारा दोन ठिकाणी बसला. एक प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावर, नोंद होण्यापूर्वी. दुसरा दप्तराच्या दारात. पहिला पहारा हवा, कारण गुपित दारापर्यंत येण्याआधीच अडलेले बरे. दुसराही हवा, कारण पहिला ज्याचा त्याला बंद करता येतो आणि घाईत माणसे तो करतात. ओळखीच्या किल्ल्या दारातच अडविण्याची सोय गिटहबने खुल्या दप्तरांसाठी 2024 पासून आपणहून चालू ठेवली आहे. आमच्या वेळी ती मुद्दाम लावावी लागली.

उसनवारीच्या तपासणीबरोबर एक हरकाम्या गडीही मिळतो, डिपेंडाबॉट नावाचा. दोष असलेल्या लायब्ररीची दुरुस्त आवृत्ती निघाली की तो स्वतःच बदलाचा प्रस्ताव मांडतो. मान्य करावयाचा की नाही हे माणसाने ठरवावयाचे. ही तपासणी प्रत्येक बदलाच्या वेळी तर करावीच, पण काहीही बदलले नसताही ठराविक दिवशी करावी. हे मला आरंभी कळेना. जे पान कोणी हात लावून पाहिलेले नाही ते पुन्हा काय तपासावयाचे? उत्तर असे की पान तेच राहते, पण दोषांची यादी रोज वाढते. काल निर्दोष असलेली लायब्ररी आज सदोष ठरते.

कोडक्यूएल लावले तेव्हा आमची खरी परीक्षा झाली. पहिल्याच दिवशी 340 इशारे आले. मी, पापभीरू शिक्षक, म्हणालो की एकही शिल्लक असता कामा नये. तोपर्यंत दार बंद. परिणामी तीन आठवडे कोणालाही काहीच काम करता येईना. मुलांची नोकरी सांभाळून केलेली सेवा ती; दोघांपैकी एकाने येणेच सोडले, आणि दुसऱ्याने सर्व इशारे एका फटक्यात 'खोटे' म्हणून मिटवून टाकले. त्याचा दोष नव्हता, दार बंद करणाऱ्याचा होता. ज्या गावात रोज खोटा भोंगा वाजतो तेथे खऱ्या भोंग्यालाही कोणी घराबाहेर येत नाही.

मग रीत बदलली. जुने इशारे एका वहीत उतरविले आणि तीव्रतेच्या क्रमाने, जमेल तसे, सोडवावयाचे ठरविले. दार अडवावयाचे ते नव्याने लिहिलेल्या ओळींतील गंभीर दोषांपुरते. आणि एक नियम मी आग्रहाने घालून घेतला, तेवढाच काय तो या कामातला माझा वाटा: कोणताही इशारा 'खोटा' म्हणून मिटवावयाचा असेल तर कारण, नाव आणि तारीख लिहिल्याशिवाय मिटवता येणार नाही. संपादक पाठ नाकारतो तेव्हा तळटीप देतो, ती याचसाठी. पुढच्या वाचकाला त्याच्याशी भांडता आले पाहिजे. 340 पैकी खरे ठरले ते 19. त्यांतल्या एकाने माजी विद्यार्थ्यांची सूची पासवर्ड नसतानाही बाहेर काढता आली असती. ती ओवळ्याची चूक होती, अगदी नमुनेदार.

आता या पहारेकऱ्याविषयी एक वाईट बातमी सांगितली पाहिजे. पहारेकऱ्याच्या हाती घराच्या किल्ल्या असतात. तपासणी चालते ती गिटहबवरच्या छोट्या तयार उपकरणांच्या आधारे, आणि तीही उसनीच. मार्च 2025 मध्ये अशाच एका उपकरणात, टीजे-ॲक्शन्स नावाच्या संग्रहातल्या, कोणीतरी फेरफार केला. 23,000हून अधिक दप्तरे ते वापरीत होती. फेरफार केलेले उपकरण किल्ल्या वाचून कामाच्या जाहीर नोंदवहीत छापून टाकी. उपकरण आवृत्तीच्या नावाने बोलावले जाते. चोराने जुनी नावेच नव्या पानाला चिकटविली. ज्यांनी नावाऐवजी पानाचा पूर्ण ठसा लिहून ठेवला होता त्यांतले बहुतेक वाचले, कारण मजकुराचे एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. आम्ही आता ठसाच लिहितो, आणि पहारेकऱ्याला वाचण्यापलीकडे कसलाही अधिकार देत नाही.

त्याआधी वर्षभर, 29 मार्च 2024 रोजी, आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने जे उघड केले ते तर कादंबरीत शोभावे. आपल्या संगणकावर दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्यावरून तो मागावर निघाला आणि एक्सझेड या लायब्ररीत दडविलेल्या चोरदरवाजापर्यंत पोहोचला. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून त्या लायब्ररीच्या एकट्या, थकलेल्या सांभाळणाऱ्याचा विश्वास मिळविला होता. विषाचा मुख्य भाग चाचणीसाठीच्या फाइलींत गुंडाळलेला होता. तो उलगडणारी ओळ दप्तरात नव्हतीच. वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यात तेवढी घातली होती. दप्तर तपासणाऱ्याला ती दिसणार कशी? आणि 2023 साली याच नावाने एका तपासणी-सेवेला विनंती केली होती की या लायब्ररीचा अमुक एक भाग तपासताना वगळावा. कारण सभ्य दिले होते. विनंती मान्य झाली.

हे वाचल्यावर मी आमच्या वहीतले 'वगळा' म्हणून लिहिलेले सर्व शेरे पुन्हा काढून पाहिले. अकरा होते. त्यांतले चार माझ्या नावावर.

सध्याची व्यवस्था अशी आहे. इशारे माझ्या पेटीत येतात, पण माझ्या एकट्याच्या नव्हे. पुण्याची विद्यार्थिनी आणि येथे इंदुरात बारावीत शिकणारा एक मुलगा, यांच्याही. दर सोमवारी संध्याकाळी साडेसातला आम्ही तिघे दूरध्वनीवर बसतो. आलेला प्रत्येक इशारा तो मुलगा मोठ्याने वाचतो, त्याचा अर्थ मला मराठीत सांगतो, आणि मला तो कळेपर्यंत पुढे जाता येत नाही, असा विद्यार्थिनीचा दंडक आहे. कधी अर्धा तास लागतो, कधी दोन. ज्या बंधुभगिनींचे पैसे त्या वेळी गेले त्यांची नावे वहीच्या पहिल्या पानावर आहेत. त्यांतल्या दोघांची परतफेड समितीने केली, तिघांनी ती घेण्यास नकार दिला, आणि एका बाईंचा पत्ता अजून लागलेला नाही. त्या 1961च्या तुकडीतल्या. आपल्यापैकी कोणास ठाऊक असल्यास सभेनंतर मला भेटावे. पत्ता कागदावर लिहून द्यावा, ईमेल करू नये.

गेल्या सोमवारी तीन इशारे होते. दोन मिटविले. तिसऱ्यापुढे त्या मुलाने लिहिले आहे, 'सरांना पटले नाही, पुढच्या वेळी पुन्हा.'